डोन एपिगमेन्यो, मेंढ्याच्या आवाजात

पोर्तालेस मोहल्ल्याच्या रविवारच्या बाजारात डोन एपिगमेन्यो यांची ओळख करून द्यावी लागत नाही, कारण ते दिसण्याआधी ऐकू येतात. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशीच त्यांची आरोळी कानावर येते: "या, या, मऊसूत आहे, हाडापासून सुटलंय, घरी सांगा आज चूल पेटवायची नाही." आवाज घोगरा, रुंद, शेवटाला जरा वर चढणारा. जुनं लाकडी दार कोणीतरी सावकाश उघडावं आणि आतून आपलंच नाव घ्यावं, तसा. पहिल्यांदा ऐकणारा माणूस थांबतो. थांबला की त्याच्या हातात चवीपुरता टाको येतो. मग तो बसतोच.

ते मूळचे कापुल्वाकचे. त्या गावात बाप बार्बाकोआ, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात शिजवलेलं मेंढ्याचं मांस, करायचा म्हणून मुलगा करतो, आणि आपण दुसरं काही का करत नाही हे कोणी विचारत नाही. शुक्रवारी मेंढा कापायचा. शनिवारी घायपाताची पानं विस्तवावर शेकून खड्ड्यात अंथरायची, त्यांत मांस गुंडाळायचं, वर माती लोटायची आणि खाली पातेल्यात रस्सा गळू द्यायचा. रविवारी सकाळी तो गरम गठ्ठा ट्रकात घालून शहरात आणायचा. डोन एपी हे लग्नाच्या आधीपासून करतात. लग्न कसं झालं म्हणून विचारलं तर सांगतात, "रविवारी नाही झालं."

गल्ल्यावर त्यांची बायको, दोन्या ओब्दुलिया. त्या बोलतात कमी आणि ऐकतात पुष्कळ. समोर दोन्या कूका, मोठ्या तांब्याच्या कढईत डुकराचं मांस तळतात. डोन एपींच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला कूकाबाई त्याची धर्माची आई म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हापासून हे दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे आणि कोमाद्रे. हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा अवघड. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडलं तर देवाला वाईट वाटतं. म्हणून दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात आणि अहो-जाहो करतात.

"कोम्पाद्रे, आज घसा बसलाय का हो तुमचा? माझ्याकडे फारच गर्दी आहे."

"घसा ठीक आहे, कोमाद्रे. त्या लोकांना ऐकू कमी येत असेल. चरबीनं होतं तसं."

आमचा रसाचा गाडा या दोघांच्या बरोबर मध्ये. मी संत्री पिळत पिळत हे ऐकत मोठी झाले.

एका रविवारी युनुएन नावाची मुलगी येऊन त्यांच्या बाकावर बसली. गोल चष्मा, शाई लागलेली बोटं. तिनं टाको खाल्ले, रस्सा प्याली, तरी उठेना. मग फोन काढला आणि डोन एपींची आरोळी भरून घेतली.

"काका, तुम्ही कधी सिनेमात काम केलंय?"

"कोणत्या वारी?"

"म्हणजे?"

"रविवारी जमणार नाही."

युनुएन एक चित्रांचा सिनेमा बनवत होती. बोलणाऱ्या जनावरांचा, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा. त्यात बार्तोलो नावाचा मेंढा एक टर्की आणि बाटलीतल्या पाण्यात बसलेला एक अहोलोते, म्हणजे सरड्यासारखा पाण्यातला जीव, यांना घेऊन डोंगरामागून डोंगर पालथे घालतो. अहोलोतेला पाय असतात पण पाण्याबाहेर त्यांचा उपयोग नसतो, म्हणून सबंध सिनेमाभर त्याला कोणीतरी उचलून न्यावं लागतं. एवढंच तिनं सांगितलं. मी नुकतीच नाटकाची शाळा संपवून घरी बसले होते, तेव्हा डोन एपींसमोर बसून टर्कीची आणि अहोलोतेची वाक्यं वाचायचं काम मला मिळालं.

पहिल्या दिवशी स्टुडिओत डोन एपींनी टोपी काढून खुंटीला लावली आणि माइकला सुप्रभात म्हटलं. मग संवादांची पानं हातात घेतली. पानं मागेपुढे झालेली असत, आज शेवट तर उद्या मधलंच काही. पण बार्तोलोच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी येई. "लवकर चला, रविवार उजाडेल." "ते माझी वाट बघत असतील." "एवढा डोंगर ओलांडला की झालं." डोन एपींनी दोन पानं वाचली आणि त्यांना मेंढा कळला.

"हा विकतो काय?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही. मलाही एवढीच पानं दिलीत."

"नासणारं काहीतरी असणार. घाई बघ किती आहे."

आणि ते बोलले. रविवारी सकाळी टोलनाक्यावर ट्रक अडकलाय, मागे गठ्ठा निवतोय, पुढचा ड्रायव्हर सुट्टे शोधतोय, त्या आवाजात बोलले. काचेपलीकडे युनुएननं डोळे मिटून घेतले. शेजारी बसलेला आवाजाचा माणूस कुरकुरला, "मेंढा घाबरलेला हवा ना? हा घाबरलेला नाहीये."

"घाबरलेले सगळेच करतात," युनुएन म्हणाली. "ह्याला उशीर झालाय. असंच राहू दे. आणि त्याला कोणी काही समजावून सांगू नका, हात जोडते."

एकच गोष्ट त्यांना जमली नाही. मेंढ्यासारखं ओरडणं. सगळा जन्म मेंढ्यांत गेला, पण त्यांनी "बें" केलं की पोट दुखणारा माणूस वाटे. शेवटी हिशेब बघणारी एक मुलगी, जिचं सगळं आयुष्य उंच इमारतीत गेलं होतं, तिनं पहिल्याच झटक्यात असं बें केलं की डोन एपींनी खुंटीवरची टोपी डोक्यावर घालून पुन्हा तिच्यासाठी काढली.

"हिच्या घरी कोणीतरी मेंढपाळ असणार," ते मला म्हणाले. "इतकं आतून आपोआप येत नाही."

सिनेमा पुरा झाला तेव्हा युनुएननं ठरवलं की पहिला खेळ आमच्याच मोहल्ल्यात, सांस्कृतिक केंद्राच्या अंगणात, पांढरा पडदा लावून करायचा. आता आमच्याकडे कुठलंही कार्य मानकऱ्यांशिवाय होत नाही. लग्न असो की मुलीचा पंधरावा वाढदिवस, केकचा मानकरी वेगळा, बँडचा वेगळा, फुलांचा वेगळा. ज्यानं मान घेतला त्यानं खर्च करायचा आणि पहिल्या ओळीत बसायचं. खुर्च्यांचा मान फर्निचरवाल्यानं घेतला, सरबताचा माझ्या आईनं. डोन एपी युनुएनच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या माणसाला म्हणाले, "जेवणाचा मानकरी मी."

"देव पावला," तो माणूस म्हणाला आणि काय आणणार हे त्यानं विचारलं नाही. युनुएन त्या आठवड्यात शेवटच्या चित्रांत बुडालेली होती, तिला कोणी आठवडाभर शनिवार आहे की बुधवार हेही सांगितलं नव्हतं. आणि बाजारातल्या कोणालाही यात चूक दिसली नाही. जेवण डोन एपींनी नाही आणायचं तर कोणी आणायचं?

शनिवारी अंधार पडायच्या सुमाराला अंगण पोरांनी भरलं. बाजारातल्या सगळ्या गाड्यांची पोरं पुढे चटयांवर. मागे भिंतीशी डोन एपींचा गठ्ठा, गोणपाटाखाली, वर एक फुलांची माळ. त्यांनी घरचा सगळ्यात चांगला मेंढा आणला होता. पहिल्या ओळीत डोन एपी, ओब्दुलिया आणि कूकाबाई, तिघंही चर्चच्या कपड्यांत.

पडद्यावर एक गाव दिसलं. अंगणात एक खड्डा, खड्ड्यातून धूर. मिशावाला एक माणूस सुऱ्यांना धार लावतोय. शेजारी घायपाताची पानं शेकतायत. भिंतीवरून एक मेंढा डोकावला, त्यानं खड्डा पाहिला, पानं पाहिली, सुरी पाहिली. आणि डोन एपींच्या आवाजात म्हणाला, "लवकर चला. रविवार उजाडेल."

 मागून बार्बाकोआचा वास येत होता.

डोन एपी जरासे पुढे झुकले.

"एपी," ओब्दुलिया हळूच म्हणाल्या, "तो काही विकत नाहीये."

"कळलं."

"मिशा मात्र हुबेहूब हो, कोम्पाद्रे," कूकाबाई म्हणाल्या.

"माझ्या खाली वळतात, कोमाद्रे."

सिनेमा चांगला होता. बार्तोलो नदीत पडला तेव्हा पोरांनी श्वास रोखले, अहोलोतेची बाटली गडगडत गेली तेव्हा किंचाळली, आणि शेवटचा डोंगर ओलांडून बार्तोलो हिरव्या कुरणात पोचला तेव्हा मोठी माणसंही उभी राहिली. दिवे लागले. सगळी पोरं मागे वळून बार्तोलोला शोधू लागली. डोन एपी उठले. मानकऱ्यानं म्हणायचं असतं ते म्हणाल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नाही, म्हणून त्यांनी टोपी हातात घेतली आणि त्या आवाजात म्हणाले, "चला, सगळ्यांनी जेवूनच जायचं."

फर्निचरवाल्यानं गोणपाट उचललं. वाफ आली.

"ते कोण आहे?" एका पोरानं विचारलं.

रडणं चटईच्या एका टोकाला सुरू झालं आणि दुसऱ्या टोकाला पोचलं. युनुएन पायरीवर बसली, ओंजळीत तोंड, खांदे हलतायत. ती हसतेय की रडतेय हे आम्ही बराच वेळ ठरवत होतो. मोठी माणसं पोरांकडे पाठ करून उभ्यानं जेवली, कारण मानकऱ्याचं अन्न टाकायचं नसतं. ओब्दुलियांनी पातेली आवरली, फुलांची माळ गुंडाळून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "सिनेमा चांगला झाला."

चांगला झाला, तोच घोळ झाला. तो सगळ्या थिएटरांत लागला आणि पोरांनी तो पाठ केला. रविवारी डोन एपींनी आरोळी दिली की बाजारातून चाललेलं पोर जागच्या जागी थिजायचं.

"आई, बार्तोलो."

आई थांबायची.

"आई, बार्तोलो काय विकतोय?"

याला कुठल्याच आईकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की आया रस्ता ओलांडतात. आणि रस्त्यापलीकडे कूकाबाई होत्या.

"कोमाद्रे," डोन एपी एकदा म्हणाले, "सिनेमात डुक्कर का नाही घेतलं हो ह्यांनी?"

"आवाज कोण देणार त्याला, कोम्पाद्रे? मी परवडत नाही."

मग डोन एपींनी ओरडणं बंद केलं. ओब्दुलिया ओरडू लागल्या. पण त्यांचा आवाज चर्चच्या जाळीमागे पापं सांगायचा, गिऱ्हाइकं बोलवायचा नव्हे. लोकांना वाटे बाईंना काही होतंय. गठ्ठा अर्धा परत जाऊ लागला, मग अर्ध्याहून जास्त. खड्ड्यातल्या मांसाला एकच रविवार असतो. सोमवारी ते नुसतं मांस.

त्यांचा मुलगा फिदेन्स्यो ट्रक चालवतो. एका दुपारी न विकलेला गठ्ठा उचलताना तो म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी पण हे परत आलं तर ही जागा सोडू. तोलुकाच्या कारखान्यात बोललोय मी. डबे भरून द्यायचे. तिथे कोणी पोरं आणत नाही."

"तिथे ओरडावं लागतं?"

"नाही."

डोन एपींनी बाकावरचं फडकं उचललं, झटकलं आणि परत तिथेच ठेवलं. या जागेवरून ते फिदेन्स्योच्या जन्माआधीपासून ओरडत होते. ओब्दुलियांना त्यांनी पहिल्यांदा हाक मारली तीही इथूनच, आणि तेव्हा ती फुकट टाकोसाठी होती असं त्या अजून सांगतात.

मधल्या आठवड्यात युनुएन आली. हातात केकचा डबा, डोळे सुजलेले.

"काका, मी जाहीर करते की आवाज दुसऱ्याचा आहे."

"कोणाचा?"

"कोणाचाही. शहरात खूप माणसं आहेत."

"आणि त्या माणसानं पोटासाठी काय विकायचं?"

युनुएननं केकचा डबा बाकावर ठेवला.

कूकाबाईंनीही रस्ता ओलांडून सल्ला दिला. "कोम्पाद्रे, पोरांना सांगा की हे बार्तोलोचे शत्रू आहेत. शत्रू खायला कोणाची हरकत नसते."

डोन एपींनी यावर खरोखर विचार केला. शेवटी म्हणाले, "माझे मेंढे कोणाच्या वाटेला जाणारे नव्हते, कोमाद्रे. मेल्यावर त्यांच्यावर आळ कशाला घ्यायचा?"

तो रविवार आला. दहाच्या सुमाराला ओब्दुलियांचा आवाज पुरता गेला, ओठ हलत होते आणि हवा येत होती. गठ्ठ्याची पानं वरच्या वर, जेमतेम उघडलेली. फिदेन्स्यो ट्रकच्या किल्ल्या बोटात फिरवत उभा. डोन एपींनी त्या किल्ल्यांकडे पाहिलं, हात पुसले, आणि आरोळी दिली. सगळी, शेवटच्या चढासकट. आमच्या गाड्यावरची माणसं पेला तोंडाला लावायच्या आधी थांबली.

औषधाच्या दुकानापाशी एक मुलगी थिजली. सात-आठ वर्षांची, सदऱ्यावर बार्तोलोचं चित्र. बापानं तिचा हात धरून रस्ता ओलांडायला घेतला, तिनं हात सोडवला आणि सरळ बाकापाशी आली.

"तू बार्तोलो आहेस?"

"आवाज आमचा एकच आहे," डोन एपी म्हणाले. "तुझं नाव काय?"

"हासिंता." तिनं गठ्ठ्याकडे बोट केलं. "हा कोण?"

डोन एपींनी ओब्दुलियांकडे पाहिलं. त्यांच्याकडे आवाजच नव्हता. समोर कूकाबाईंची सुरी थांबलेली. चाळीस वर्षं हा माणूस मोठ्यांना बिनदिक्कत सांगत आला होता की हा तुकडा मी खास तुमच्यासाठी ठेवलाय.

"हा मेंढा होता," ते म्हणाले.

"तुझा भाऊ?"

"नाही. मी सांभाळलेला."

"मग?"

"मग मी कापला."

"हासिंता, चल," बाप म्हणाला. "डोन, माफ करा हं."

"राहू दे तिला."

"त्याला कळलं?" हासिंतानं विचारलं.

"थोडंसं कळलं असेल. मी झटपट करतो."

"बार्तोलो पळून गेला."

"तो गेला. हा नाही गेला."

"का?"

"दाराला कडी होती."

हासिंतानं यावर विचार केला. "मग तू कडी काढून ठेवायचीस."

"काढली असती तर आज मी इथे काय विकलं असतं?"

हासिंतानं बाकावरून नजर फिरवली. गठ्ठा, कांदा, लिंबं, हिरवी साल्सा, आणि टोपलीभर चिरलेली कोथिंबीर.

"कोथिंबीर," ती म्हणाली.

डोन एपी हसले नाहीत. त्यांनी तव्यावर एक तोर्तिया, मक्याची पोळी, टाकली, फुगू दिली, उलटली. तिच्यावर मूठभर कोथिंबीर, थोडा कांदा, भाजलेल्या निवडुंगाच्या दोन पट्ट्या, मीठ, लिंबू. कागदावर ठेवून पुढे केली. हासिंतानं आधी तोर्तिया उचलून खाली काही लपवलेलं नाही ना ते पाहिलं. मग बाकावर चढून बसली आणि खाऊ लागली.

पोरगी बसली म्हटल्यावर बापाला उभं राहता येईना. तो तिच्या शेजारी, जरा तिरका बसला आणि पुटपुटला, "मला नेहमीचं. रस्सा पण."

"पाठ फिरव," हासिंता म्हणाली. त्यानं पाठ फिरवली आणि खाल्लं.

पलीकडे रस्ता ओलांडायला निघालेल्या एका बाईच्या जुळ्यांनी हे पाहिलं. "आम्हाला पण बार्तोलोची कोथिंबीर." मग आणखी कोणी. दुपारपर्यंत बाकावर एक विचित्र देखावा झाला: पोरं समोर तोंड करून, मोठी माणसं पाठमोरी, आणि मध्ये डोन एपी दोन्हीकडे वाढतायत. फिदेन्स्योनं किल्ल्या खिशात टाकल्या आणि कोथिंबीर चिरायला घेतली. त्याला ती बारीक चिरता येत नाही हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

"कोम्पाद्रे," कूकाबाईंनी आवाज दिला, "कोथिंबीर कमी पडली तर सांगा. माझ्याकडे आहे."

"किती मोठं मन हो तुमचं, कोमाद्रे."

"पुढच्या रविवारी परत करा."

गठ्ठ्यात शेवटी नुसती पानं उरली. फिदेन्स्योनं ती उचलून ट्रकात टाकली. तोलुकाच्या कारखान्याचं नाव कोणी काढलं नाही, आणि ओब्दुलियांना काढायचं असतं तरी काढता आलं नसतं.

निघताना हासिंता परत वळली. "पुढच्या वेळी कडी काढून ठेव."

"बघतो."

पुढच्या रविवारी ती बापाला ओढत आली आणि बसायच्या आधीच विचारलं, "काढलीस?"

"काढली," डोन एपी म्हणाले. "शुक्रवारी सकाळी. दार सताड उघडं ठेवलं आणि बाजूला झालो."

"मग?"

"त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी चारा आणलाय."

"एक पण नाही गेला?"

"एक बाहेर आला. फाटकापर्यंत गेला, रस्ता बघितला. मग माझ्या मागे मागे परत आत आला."

हासिंतानं गठ्ठ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तो ह्यात आहे?"

"त्याला आणला नाही."

"का?"

डोन एपींनी तव्यावर तोर्तिया टाकली आणि ती फुगल्यावर उलटली.

"फाटकापर्यंत गेला होता," ते म्हणाले. "कांदा घालू का तुला?"